विमानात सोळा तास आणि लॅपटॉपचं चार्जिंग

निशाचर
मंडळी, पुढच्या महिन्यात मुंबई–दुबई–सॅन फ्रान्सिस्को प्रवास आहे. एमिरेट्स, इकॉनॉमी. मुंबई–दुबईचं काही नाही, जेवण येईपर्यंत उतरायची वेळ होते. पण पुढचा टप्पा जवळपास सोळा तासांचा. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी क्लायंटसमोर डेमो, आणि आमच्या साहेबांनी फार प्रेमाने सांगितलंय की "फ्लाइटमध्ये वेळच वेळ असतो, तिथे उरकून टाक."

लॅपटॉप ऑफिसचा, पंधरा इंची धूड. बॅटरी ८६ वॉट-अवरची (म्हणजे एवढी वीज तिच्यात साठते), अडॅप्टर १३० वॉटचा. नीट काम करायला घेतलं तर तीन तासांत मान टाकतो. सीटखालचं सॉकेट एवढ्या अडॅप्टरला पुरतं का? आपली तीन पिनांची पिन त्यात बसते का? पॉवर बँकेवर भागेल का? आधीचे धागे चाळले, सगळे फोन चार्जिंगपाशीच थांबलेत. अनुभवी लोकांनी लिहावं.

झंप्या
रुमाल टाकून ठेवतो. मलाही डिसेंबरात जायचंय.

सातारी_कंदी
३०,००० एमएएचची मोठी पॉवर बँक घे भावा. दोनदा फुल चार्ज होईल. सॉकेट-बिकेटच्या नादाला लागूच नको.

बे_एरियावाला
कंदी, हा सल्ला आता चालत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्समध्ये विमानात पॉवर बँक वापरायचीच नाही. तिच्यावरून काही चार्ज करायचं नाही आणि सीटच्या सॉकेटवर तिलाही चार्ज करायचं नाही. माणशी एकच, तीही १०० वॉट-अवरच्या आतली, अंगावर क्षमता छापलेली. ठेवायची समोरच्या सीटच्या खिशात किंवा सीटखाली, वरच्या कप्प्यात नाही.

आणि ३०,००० चं गणित करून बघ. आतल्या सेलचा व्होल्टेज धरायचा ३.७. तीस हजार गुणिले ३.७ भागिले हजार, म्हणजे १११ वॉट-अवर. मर्यादेबाहेर गेली की. २०,००० वाली ७४ भरते, ती बसते. २७,००० वाली ९९.९, म्हणून तर त्या विचित्र आकड्याच्या पॉवर बँका बाजारात दिसतात.

"दोनदा फुल" हेही विसर. ७४ मधले थोडे उष्णतेत जातात, हातात साधारण साठेक येतात. निशाचरच्या ८६ च्या बॅटरीला एकदासुद्धा पूर्ण पुरणार नाही.

सातारी_कंदी
आयला! मग बाळगायची कशाला?

बे_एरियावाला
दुबईच्या ट्रान्झिटसाठी. बंदी विमानात आहे, टर्मिनलवर नाही. गेटजवळची सॉकेटं एक तर कुणीतरी धरून बसलेलं असतं, नाहीतर ती नेमकी खांबाच्या मागे असतात. खुर्चीत बसून पॉवर बँकेवर लॅपटॉप शंभर टक्के करून विमानात चढायचं.

मीनलताई
बाकी एअरलाइन्सचंही सांगून ठेवते, कारण लोक जुन्या माहितीवर जातात. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणं बंद केलं. त्याआधी त्याच वर्षी २८ जानेवारीला बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला आग लागली. उड्डाणाआधीच लागली म्हणून आतले सगळे १७६ जण बाहेर पडू शकले. विमानाचं छत मात्र जळून गेलं. संशय पॉवर बँकेवर आला. मग कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली आणि एकेक एअरलाइन जागी झाली. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, धावपट्टीकडे जात असताना, एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली होती. क्रूने लगेच विझवली.

नियम दर काही महिन्यांनी बदलतायत. तिकीट ज्या एअरलाइनचं, तिच्या साइटवर निघायच्या आठवड्यात बघायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्या नकोत.

निशाचर
धन्यवाद ताई, बे_एरिया. पॉवर बँकेचा विषय मिटला. मग सगळी भिस्त सॉकेटवरच. त्याचं कुणी सांगेल का?

कोथरूडकर
सॉकेट असतं, पण भरवशाचं नसतं. मागच्या वेळी (एअरलाइन वेगळी, नाव लिहीत नाही) माझ्या सीटखालचं सॉकेट इतकं ढिलं झालेलं होतं की चार्जर लावला की स्वतःच्याच वजनाने खाली. शेवटी बूट काढून पायाने दाबून धरला. शेजारच्या काकूंना वाटलं मी योगासनं करतोय. बरं, मी पाय हलवला की "चार्जिंग", "नॉट चार्जिंग" असं स्क्रीनवर यायचं आणि काकू चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या.

झंप्या
पदांगुष्ठ चार्जासन. 😂

विदर्भाचा_वाघ
मी विमानांच्या लाइन मेंटेनन्समध्ये (देखभाल-दुरुस्तीत) होतो, आता निवृत्त होऊन नागपुरात बसलोय. सॉकेट हा माझ्या रोजच्या शिव्यांचा विषय होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो बाप्पा. ज्याला कंटाळा येईल त्याने खाली जावं.

विमानात वीज बनते इंजिनाला जोडलेल्या जनरेटरवर. ती घरच्यासारखी नसते. पारंपरिक विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी एवढी कशाला, तर ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान नि हलक्या होतात. विमानात किलो-किलोचा हिशोब असतो. ही वीज तुमच्या चार्जरला तशीच देत नाहीत. सीटखाली एक डबा असतो, तो तिचं ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ करतो. म्हणजे अमेरिकेतल्या घरासारखी वीज. तुमचा पाय पसरू न देणारी ती पेटी दिसते ना, तिच्यात बहुतेक वेळा हे नाहीतर सिनेमाच्या स्क्रीनचं सामान असतं.

आता मुद्द्याचं. हा डबा एका सॉकेटला किती देईल याला मर्यादा असते. जुन्या सिस्टीमवर साधारण ७५ वॉट धरा, नव्यांत जास्त मिळतं. त्याच्यावर ओढलं की सॉकेट स्वतःहून बंद पडतं आणि हिरवा दिवा विझतो. लोकांना वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं, तो त्याचं काम करतोय. पिन काढायची, थोडं थांबायचं, लोड कमी करायचं, परत लावायची. बहुतेकदा दिवा येतो. क्रूला हाक मारून काही होत नाही, फार तर ते पूर्ण विभागाचं रिसेट करून बघतील.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. एकेका सॉकेटची मर्यादा असते तशी सगळ्या केबिनची मिळूनही असते. खूप जणांनी लावलं आणि एकूण भार मर्यादेला टेकला, की जी सॉकेटं आधीपासून चालू आहेत ती चालू राहतात आणि नवीन लावणाऱ्याला वीज मिळत नाही. कुणीतरी काढेपर्यंत थांबा. म्हणून जेवण झाल्यावर, दिवे मालवल्यावर, सगळे एकदम बॅगेतून चार्जर काढून लावतात तेव्हा लावण्यात अर्थ नाही. सॉकेट चालू झालं की लगेच जागा धरायची. बऱ्याच विमानांत टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी ते बंदच ठेवतात. लॅपटॉपही तेव्हा आत ठेवावा लागतो, ते वेगळं.

निशाचर भाऊ, तुमचा १३० वॉटचा अडॅप्टर बॅटरी अर्धी झालेली असताना आणि वर काम चालू असताना लावला, तर पूर्ण ताकदीने ओढेल. जुन्या सॉकेटवर तो टिकणार नाही. नव्यावर टिकेलही, पण सोळा तासांचं काम "टिकेलही"वर सोडायचं का ते तुम्ही बघा.

कोथरूडकर
दंडवत वाघोबा. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

वैनतेय
वाघांच्या प्रतिसादाला पुस्ती. यावर उपाय सोपा आहे, लहान चार्जर न्यायचा. लॅपटॉप टाइप-सी वरून चार्ज होत असेल तर तो चार्जरशी आधी बोलून घेतो की तू किती देऊ शकतोस, आणि तेवढंच घेतो. ६५ वॉटचा चार्जर लावला तर ६५ च्या वर मागणारच नाही. भिंतीकडून, म्हणजे सीटकडून, सत्तरेक वॉट ओढले जातील. ७५ च्या आत बसलं. त्याहून निर्धास्त राहायचं असेल तर ४५ चा घ्यायचा.

स्क्रीनवर "कमी क्षमतेचा अडॅप्टर जोडला आहे" अशी तक्रार येईल, येऊ द्यावी. चार्जिंग हळू होईल. पण सोळा तासांत हळूचं काय बिघडतं?

ज्यांच्या लॅपटॉपला अजून गोल पिनचा चार्जर आहे आणि टाइप-सी वरून चार्जिंग नाही, त्यांच्यासाठी मार्ग एकच. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्ज करायचा आणि मग बॅटरीवर वापरायचा. गेमिंगवाल्यांनी आपला २३० वॉटचा विटेएवढा अडॅप्टर चेक-इन बॅगेतच टाकावा. त्यात बॅटरी नसते, त्यामुळे हरकत नाही.

निशाचर
टाइप-सी आहे! ६५ वॉटवाला तर बायकोच्या लॅपटॉपचा घरातच आहे. आता पिनेचं सांगा.

बे_एरियावाला
विमानातलं सॉकेट बहुउद्देशीय म्हणतात तसं असतं. युरोपातली दोन गोल पिनांची, अमेरिकेतली चपट्या पिनांची बसते, काहींत ब्रिटिशही. आपली तीन जाड गोल पिनांची, वर अर्थिंगची आणखी जाड, तिची खात्री नाही. बसली तरी तिरकी बसते.

ट्रॅव्हल अडॅप्टरचा ठोकळा मात्र आणू नकोस. तो वजनाने खाली येतो, कोथरूडकरांचं आसन आठव. चार्जर नीट बघ. अडॅप्टरपासून भिंतीकडे जाणारी वायर बहुतेक अडॅप्टरांना सुटी असते, तीन भोकांची टोपी काढली की निघते. फक्त तेवढी वायर अमेरिकन पिनची घ्यायची. अडॅप्टरवर "१००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ" लिहिलंय ना? झालं. पिनेचा भार हलका, ठोकळा खाली पायाशी. आणि तीच वायर सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात चालेल. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळते.

मीनलताई
दुबईत मात्र ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पिनांची सॉकेटं आहेत, २२० व्होल्ट. ट्रान्झिटमध्ये ती वायर उपयोगी पडेलच असं नाही.

निशाचर
ताई, तिथे पॉवर बँक झिंदाबाद.

आजीचा_बटवा
मी लेकीकडे सॅन होजेला जाते-येते, वय ७१. माझ्याकडे लॅपटॉप नाही, टॅबलेट आहे, पण सॉकेटशी माझंही भांडण असतंच. एक सांगते. ते सॉकेट असतं पुढच्या बाजूला, दोन सीटच्या मध्ये, गुडघ्याच्याही खाली. अंधारात चाचपडत लावायला गेलं की शेजाऱ्याच्या पायालाच हात लागतो. म्हणून बसल्या बसल्या, उजेड असताना, सामान वर टाकायच्या आधीच वायर लावून ठेवायची, मग वीज येवो तेव्हा येवो. आणि चार्जर वरच्या बॅगेत ठेवायचा नाही. खिडकीत बसलात तर दोन माणसं उठवून बॅग काढावी लागते. मी सगळ्या वायरी एका कापडी पिशवीत भरून पायाशी ठेवते.

आणखी एक. पॉवर बँक चुकूनसुद्धा मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका. मुंबईला बॅग आत गेल्यावर नाव पुकारतात आणि बॅग उघडायला लावतात. आमच्या ओळखीतल्या एकांची पॉवर बँक बेसनाच्या लाडवांच्या डब्याखाली निघाली. सगळं सामान टेबलावर, लाडू, पापड, नातवाची लंगोटं सगळं. मागे रांग.

झंप्या
आजी _/\_ लंगोटं!!

राजहंस_७७
मला कळत नाही, लोक विमानात काम का करतात? सोळा तास झोपा, सिनेमे बघा. शेजारी रात्रभर स्क्रीनचा झगझगाट आणि कीबोर्डची टकटक. आम्ही पैसे भरून जागरण करायचं का? कंपनीला दुसऱ्या दिवशी सकाळी डेमो हवा असेल तर एक दिवस आधी पाठवावं.

निशाचर
राजहंस, शंभर टक्के मान्य. हेच वाक्य माझ्या साहेबांना मेल करू का?

राजहंस_७७
करा. नोकरी गेली तर माझं नाव सांगू नका.

कोथरूडकर
राजहंस यांचा झगझगाटाचा मुद्दा खरा आहे. ब्राइटनेस कमी केला तर शेजारी शिव्या देत नाहीत आणि बॅटरीही वाचते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवा.

वैनतेय
ब्राइटनेसपेक्षा मोठी बचत प्रोसेसरमध्ये आहे. निशाचर, तुझ्या डेमोत नेमकं चालतं काय? तीन तासांत ८६ वॉट-अवर संपतात म्हणजे सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस वॉट खातोय. नुसतं लिहायला-वाचायला याच्या निम्मंही लागत नाही.

निशाचर
डेटाबेस, तीन-चार सर्व्हिसेस, सगळं लोकल डॉकरमध्ये (म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्रॅम लॅपटॉपवरच चालवायचे). ब्राउजरच्या पंचवीस टॅब आहेतच.

वैनतेय
मग हेच. सगळं एकदम चालू ठेवून स्लाइड्स लिहीत बसू नकोस. चालवून बघायचं काम एका बैठकीत उरक, नंतर डॉकर बंद कर आणि लिहायचं काम घे. विंडोज असेल तर पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के कर. वाचायला विनोदी वाटतं, पण त्या एका टक्क्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. पंखा शांत, मांडी गार, बॅटरी जास्त टिकते.

आणि ऑफिसच्या लॅपटॉपचा एक छुपा त्रास असतो. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून बऱ्याच कंपन्या चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवून ठेवतात. निघायच्या आधी ते काढून घे, नाहीतर आयटीवाल्यांकडून काढून घे. विमानतळावर ८० वरच का अडकलंय म्हणून डोकं आपटत बसशील.

बे_एरियावाला
त्याच आयटीवाल्यांना हेही विचार की व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कची जोडणी) नसताना लॅपटॉप उघडतो का, आणि फाइली खरंच लॅपटॉपवर आहेत की सगळं क्लाउडवर. चार्जिंग शंभर टक्के आणि फाइल उघडत नाही, असे लोक मी पाहिलेत.

सातारी_कंदी
अवांतर: मध्ये एकदा दुबईहून अमेरिकेला लॅपटॉप न्यायलाच बंदी होती ना? की मला स्वप्न पडलं?

बे_एरियावाला
स्वप्न नाही. मार्च २०१७. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या दहा विमानतळांवरून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठं काहीही केबिनमध्ये न्यायला अमेरिकेने मनाई केली. दुबई, अबू धाबी, दोहा सगळे त्यात. मुंबईहून येणारे आपले लोक मोठ्या संख्येने याच मार्गाने जातात, त्यामुळे बे एरियातल्या प्रत्येक मराठी घरात तेव्हा हाच विषय. एमिरेट्सने गेटपर्यंत लॅपटॉप वापरू द्यायची सोय केली होती. गेटवर द्यायचा, ते पॅक करून खाली टाकणार, अमेरिकेत परत मिळणार. वरच्या वर्गातल्या लोकांना काम करायला टॅबलेट उसने देत. आम्ही इकॉनॉमीवाले सिनेमे बघत होतो. राजहंस यांचा सुवर्णकाळ. जुलैत एमिरेट्सवरची बंदी उठली.

गंमत बघा, तेव्हा लॅपटॉप केबिनमधून काढून खाली टाका म्हणत होते. आता लिथियमचं काही खाली टाकू नका, डोळ्यांसमोर ठेवा म्हणतात.

विदर्भाचा_वाघ
त्यात विसंगती नाही भाऊ. तेव्हा भीती बॉम्बची होती, आता बॅटरीची. बॅटरी केबिनमध्ये पेटली तर माणसं आहेत, क्रू आहे, पाणी आहे. खाली कार्गोत पेटली तर तिथे हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा विझवतो, पण सेलच्या आत चालू झालेली उष्णता थांबवत नाही. एक सेल तापला की शेजारचा तापतो. त्याला गार करायला पाणीच लागतं. क्रूला शिकवतात ते हेच: ज्वाळा विझवा, मग पाणी किंवा जे काही बिनदारूचं पेय हाताशी असेल ते ओता आणि गार करत राहा. बर्फ नाही, बर्फाने उष्णता आत कोंडते.

म्हणून लॅपटॉप चार्जिंगला लावून वर पांघरूण घेऊन झोपू नका. एअरलाइनची ती लोकरी चादर पंख्याची जाळी बरोबर बंद करते. झोपायचं तर चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा.

आणि फोन किंवा कानातलं काही सीटच्या फटीत पडलं तर सीट मागे-पुढे करू नका. हात घालून शोधूही नका. क्रूला बोलवा. २०२५ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसहून म्युनिकला निघालेलं लुफ्तान्झाचं ए-३८० बॉस्टनला उतरवलं होतं, कारण एका प्रवाशाचा टॅबलेट बिझनेस क्लासच्या सीटमध्ये अडकून चेपला गेला होता. एवढं मोठं विमान एका टॅबलेटपायी.

कोथरूडकर
सीटवरून आठवलं. समोरचा माणूस सीट मागे टाकतो तेव्हा काय होतं याची कुणी कल्पना दिली नाही. पंधरा इंची स्क्रीन उभी केली की तिची वरची कड समोरच्या सीटच्या पाठीतल्या, ट्रे जिथे दुमडून बसतो, त्या खोबणीत जाते. समोरच्याने बटन दाबून पाठ टेकवली की स्क्रीन वरून सीटच्या आणि खालून ट्रेच्या कात्रीत सापडते. कट्ट असा आवाज येतो आणि डेमो संपतो. माझ्या सहकाऱ्याचा गेला असाच.

निशाचर
हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. उपाय?

कोथरूडकर
ट्रे पोटाकडे ओढून घ्यायचा, बहुतेक ट्रे थोडे पुढे सरकतात. स्क्रीन फार ताठ उभी करायची नाही. आणि सगळ्यांत उत्तम, समोरच्याला आधीच सांगायचं, "टेकायचं असेल तेव्हा एकदा आवाज द्या." लोक ऐकतात. जेवण उचललं की पहिल्या पाच मिनिटांत अख्खी केबिन मागे टेकते, तेवढा वेळ लॅपटॉप मिटून ठेवायचा.

पैसे असतील तर बल्कहेडची सीट, समोर कुणी नसतंच. फक्त तिथे ट्रे हाताच्या दांड्यातून निघतो, तो डुगडुगतो आणि लहान असतो. सॉकेटची जागाही वेगळी असते.

मीनलताई
बल्कहेडला बाळांचे पाळणे लावतात हे सांगायचं राहिलं. सोळा तास. विचार करून घ्या.

निशाचर
लोकहो, काल घरी रंगीत तालीम केली. ६५ चा चार्जर लावला, ९९ टक्क्यांची युक्ती केली, डॉकरसकट सगळं चालू. दीड तासात बॅटरी ६० वरून ७१ वर गेली. म्हणजे हळूहळू का होईना, वर चढते. मग बायकोच्या जुन्या फोनचा ३० वॉटचा लावला. सगळं चालू असताना आकडा जिथल्या तिथे राहिला, डॉकर बंद केल्यावर चढायला लागला. म्हणजे विमानातलं सॉकेट ६५ ला रुसलं तर ३० वर तरी तग धरता येईल. दोन्ही चार्जर बरोबर घेतोय. अमेरिकन वायर आणली. ८० टक्क्यांची अट आयटीने काढून दिली, वर "फ्लाइटमध्ये काम?" म्हणून हसले.

विदर्भाचा_वाघ
हे बेस्ट केलं. दोन वेगळ्या वॉटचे चार्जर न्यायचं आमच्यातल्याही कुणाला सुचत नाही. आता सीटच्या खिशातल्या किंवा स्क्रीनखालच्या छोट्या यूएसबी भोकात लॅपटॉप लावून बघू नका म्हणजे झालं. जुनं चौकोनी असेल तर ते फोनपुरतं, दहा-बारा वॉटच्या पुढे जात नाही. काही नव्या विमानांत टाइप-सी आलंय आणि त्यातून लॅपटॉपलाही पुरेल एवढं मिळतं, पण कुठल्या विमानात किती, ते बसल्यावरच कळतं.

तुम्हाला आज पिना बसत नाहीत म्हणून राग येतो. आमच्या काळी सीटच्या सॉकेटमधून १५ व्होल्ट डीसी यायचं, त्याला वेगळ्याच आकाराची पिन, आणि ती वायर विकत घ्यावी लागायची. काही अमेरिकन विमानांत तर गाडीतलं सिगारेट लायटरचं सॉकेट होतं.

रेवदंडा
मध्येच घुसतोय, विषय जवळचा आहे म्हणून. बाबांना झोपताना सीपॅप मशीन (श्वासासाठी दाबाने हवा देणारं) लागतं. पहिल्यांदाच लांबच्या विमानाने माझ्याकडे टोरंटोला येतायत. ते सीटच्या सॉकेटवर चालेल का?

विदर्भाचा_वाघ
चालेल असं धरून निघू नका. वर लिहिलंय तेच, सॉकेट कधीही बंद होतं, आणि लॅपटॉपचं ठीक आहे, हे श्वासाचं प्रकरण आहे. मशीनची स्वतंत्र बॅटरी मिळते, ती घ्या. तिलाही १०० वॉट-अवरचाच नियम. १०० ते १६० च्या मधली असेल तर एअरलाइनची आधी परवानगी काढावी लागते. पाण्याचा ह्युमिडिफायर बंद ठेवा, तो सगळ्यांत जास्त वीज खातो, आणि हलत्या विमानात पाणी नळीत जायची भीती. तिकीट काढल्यावर लगेच एअरलाइनच्या मेडिकल विभागाला कळवा, मशीनचं मॉडेल सांगा. विमानात वापरायला चालतं असं मशीनवर किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

मीनलताई
डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत घ्या आणि दोन प्रती ठेवा. मशीन त्याच्या स्वतःच्या पिशवीत केबिनमध्ये न्या. बऱ्याच एअरलाइन्स ते सामानाच्या वजनात धरत नाहीत, पण चेक-इनला ते तोंडाने सांगावं लागतं. बाबांना सांगता येईल ना? नाहीतर व्हीलचेअर मदत मागून घ्या, बरोबरचा माणूस सुरक्षा तपासणीलाही असतो.

रेवदंडा
व्हीलचेअरला ते तयार नाहीत, "मी काय म्हातारा झालोय का" सुरू होतं. बॅटरीचं आजच बघतो. मॉडेल विचारून टाकतो इथे.

आजीचा_बटवा
त्यांना सांगा, व्हीलचेअरवाल्याला बहुतेक ठिकाणी इमिग्रेशनची मोठी रांग लागत नाही. मी त्याच एका गोष्टीवर कबूल झाले. कुठल्या एअरलाइनचं तिकीट आहे? दिल्लीवरून की थेट मुंबईहून?